हिपॅटायटिस ई : यकृतरोपणाचा रुग्ण आणि आपली वस्ती

गेल्या वर्षी मुलीच्या नामकरणाला मी महाविद्यालयातील काही सहकाऱ्यांना घरी बोलावले होते. त्यांत आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. आमच्या वस्तीत ते प्रथमच येत होते. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नको आई, माझं पाणी माझ्याजवळ आहे." पिशवीतून बाटली काढून ते दोन घोट प्याले. आई काही बोलली नाही. तांब्या घेऊन आत गेली, ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

आमच्या घरात पाणी नाकारण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेच्या माठाला हात न लावता, वरून ओतलेले पाणी ओंजळीने मी स्वतः प्यालेलो आहे. या सरांचे तीन वर्षांपूर्वी यकृतरोपण झाले होते, त्यांच्या पत्नीने आपल्या यकृताचा भाग त्यांना दिला होता, हे मला ठाऊक होते. तरीही त्या क्षणी मला त्यांचे यकृत आठवले नाही, तो माठ आठवला.

चार दिवसांनी स्टाफरूममध्ये ते स्वतःच म्हणाले, "सर, राग मानू नका. डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय. ती ई नावाची कावीळ आम्हा लोकांना फार वाईट, असं ते म्हणतात. आणि ती डुकरांमुळे होते म्हणे. तुमच्याकडे नाल्यावर डुकरं बरीच दिसली."

त्यांचे पहिले म्हणणे खरे होते. शेवटचे अर्धे खरे होते, आणि आपल्या शहरात ते जवळजवळ खोटेच होते. परंतु अशा अर्धसत्याची किंमत नेहमी आपल्या माणसांनाच मोजावी लागते. शहरात काविळीची साथ आली की वडार-कैकाड्यांची डुकरे उचलायला गाडी येते आणि फुटलेली जलवाहिनी तशीच राहते. मी प्राणिशास्त्र शिकवतो. तेव्हा हा विषय नीट वाचून काढणे मला भाग होते. जे समजले ते येथे मांडतो आहे.

कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृत बिघडले की डोळे व कातडी पिवळी पडतात. यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. बी आणि सी रक्तातून पसरतात. ए आणि ई मुख्यतः विष्ठेतून तोंडात जातात. म्हणजे गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की पसरतात. ई विषाणू शरीरात शिरल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी आजार दिसतो. धडधाकट माणूस बहुधा महिना-दीड महिन्यात बरा होतो. म्हणूनच वैद्यकाच्या पुस्तकांत अनेक वर्षे असे लिहिले जाई की, हिपॅटायटिस ई येतो आणि जातो, तो शरीरात मुक्काम करत नाही.

हा समज २००८ साली मोडला. फ्रान्समधील तुलूझ शहरातील डॉक्टरांनी अवयवरोपण झालेल्या चौदा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांना यकृत, नऊ जणांना मूत्रपिंड आणि दोघांना मूत्रपिंड व स्वादुपिंड बसवलेले होते. चौदाही जणांना हिपॅटायटिस ई झाला होता आणि त्यांतील आठ जणांच्या शरीरातून तो गेलाच नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथूनही यकृतरोपणाच्या दोन रुग्णांत हा आजार ठाण मांडून बसल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे अनेक रुग्णालयांनी मिळून अवयवरोपणाचे ८५ बाधित रुग्ण तपासले. त्यांपैकी ५६ जणांचा, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांचा आजार जुनाट झालेला होता. अशा काहींचे यकृत अवघ्या काही वर्षांत आकसून कठीण होते. डॉक्टर त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. एक यकृत गमावून मोठ्या प्रयासाने दुसरे मिळवलेल्या माणसाचे दुसरेही यकृत जाऊ लागते, असा याचा अर्थ.

असे का होते? शरीराला आपले कोण आणि परके कोण हे ओळखता येते. दुसऱ्याचे यकृत बसवले की रक्तातील संरक्षक पेशी त्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागतात. ज्या पेशी नव्या यकृतावर चालून जातात, त्याच पेशी विषाणूलाही हुसकावून लावत असतात. पहाऱ्याला झोपवले की पाहुणा सुखरूप राहतो, पण चोरालाही वाट मोकळी होते.

हा आजार ओळखणे अवघड आहे. अशा रुग्णाला पुष्कळदा कावीळ दिसत नाही, ताप येत नाही. थोडा थकवा असतो, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे जरा वाढलेले असतात. ते पाहून डॉक्टरांच्या मनात प्रथम येते ते हे की, शरीर नवे यकृत नाकारते आहे, किंवा एखादे औषध बाधते आहे. नाकारते आहे असे समजून संरक्षक पेशी दाबणारी औषधे वाढवली, तर विषाणूचे आणखी फावते. शिवाय नेहमीची तपासणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ज्याची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवली आहे त्याच्या रक्तात प्रतिपिंडे उशिरा येतील किंवा येणारही नाहीत. म्हणून अशा रुग्णाच्या रक्तात व विष्ठेत खुद्द विषाणूचे आरएनए शोधावे लागते. पीसीआर हा शब्द कोरोनाच्या साथीने आता सर्वांना माहीत झाला आहे. तपासणी त्याच जातीची.

उपचार आहेत. दाबणारी औषधे बेताने कमी केली की सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या शरीरातून विषाणू निघून जातो. हे काम मात्र रोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे. रुग्णाने मनाने गोळी सोडली तर यकृतच जाईल. उरलेल्यांसाठी रिबाविरिन नावाचे जुने औषध उपयोगी पडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ पैकी ४६ रुग्ण या औषधाने विषाणूमुक्त झाले. बहुतेकांना ते सुमारे तीन महिने द्यावे लागले. त्याने रक्त कमी होते, त्यामुळे हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावे लागते.

आता डुकराचा प्रश्न. माणसाला होणाऱ्या हिपॅटायटिस ईचे मुख्य चार जनुकीय प्रकार आहेत. पहिला आणि दुसरा केवळ माणसांत आढळतात आणि दूषित पाण्यातून पसरतात. तिसरा आणि चौथा मुळात डुक्कर, रानडुक्कर, हरीण अशा प्राण्यांचे असून त्यांच्या मांसातून माणसाकडे येतात. तुलूझ आणि ग्रोनिंगेनच्या रुग्णांचा प्रकार तिसरा होता. त्या देशांत नळाचे पाणी स्वच्छ आहे, पण डुकराचे मांस अर्धे कच्चे खाण्याची रीत आहे. कॉर्सिका बेटावर डुकराच्या यकृताचे फिगातेल्ली नावाचे सॉसेज करतात. त्यातून लागण झाल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला वीस मिनिटे शिजले की विषाणू मरतो. म्हणजे तेथेही खरा दोष प्राण्याकडे जात नाही, कच्चेपणाकडे जातो.

दुसरी वाट रक्ताची. आग्नेय इंग्लंडमध्ये रक्तदानाच्या २ लाख २५ हजार पिशव्या तपासल्या, तेव्हा ७९ दात्यांच्या रक्तात हा विषाणू निघाला. दाते धडधाकट दिसत होते. ज्या ४३ जणांना असे रक्त किंवा रक्तघटक मिळाले होते त्यांचा पाठपुरावा केला, तर १८ जणांना लागण झालेली होती. ही पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर तीन वर्षांत ब्रिटनने दान केलेल्या सर्व रक्ताची या विषाणूसाठी तपासणी सुरू केली. नेदरलँड्सने २०१७ साली आणि जर्मनी व जपानने २०२० साली हाच मार्ग धरला.

आपल्या देशातील चित्र वेगळे आहे. येथे माणसांत सापडणारा विषाणू जवळजवळ सर्वत्र पहिल्या प्रकारचा, म्हणजे पाण्याचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील माणसांचे आणि डुकरांचे विषाणू ताडून पाहिले. डुकरांतला विषाणू चौथ्या प्रकारचा होता, माणसांतला पहिल्या. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. आमच्या कार्यकर्त्यांनी तो पाठ करावा असा आहे. आपल्या शहरातील काविळीची साथ नाल्यावरच्या डुकराने आणलेली नसते, ती नळातून आलेली असते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाने डुकराचे मांस नीट शिजवूनच खावे, एवढीच सावधगिरी त्या बाजूने पुरेशी आहे.

त्याच संस्थेने २००३ साली आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली. सांडपाण्यात काम करणाऱ्या कामगारांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत हिपॅटायटिस ई येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या कामाला कोणत्या जातींची माणसे जातात, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. जातीने नेमून दिलेले काम माणसाच्या रक्तात खूण ठेवून जाते, हे येथे प्रयोगशाळेने आकड्यांत मांडले आहे.

आता साथींचा इतिहास पाहा. १९५५च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पात्राने दिशा बदलली आणि नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या जलकेंद्रात शिरले. पाण्यात क्लोरीन वाढवले गेले. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण काविळीने सुमारे २९ हजार माणसे आजारी पडली. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात प्रचंड साथ आली. ही कावीळ ए नव्हे आणि बीही नव्हे, हे तेथील डॉक्टर मोहंमद सुलतान खुरू यांनी ओळखले. १९८३ साली बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून, हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. १९९१ साली कानपुरात सुमारे ७९ हजार लोकांना या रोगाने गाठले. आणि २०१२ साली आपल्या इचलकरंजीत हजारो लोक आजारी पडले. प्रत्येक वेळी कारण एकच होते : पिण्याच्या पाण्यात मैलापाणी.

हे कसे होते ते आमच्या वस्तीत डोळ्यांनी दिसते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. मधले दिवस वाहिनी रिकामी असते. रिकामी वाहिनी जेथे फुटलेली असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढून घेते, आणि आमची वाहिनी गटाराच्या पोटातूनच गेलेली आहे. दाब कमी म्हणून लोक नळाजवळ खड्डा खणतात आणि तोटी जमिनीखाली नेतात. पावसाळ्यात त्या खड्ड्यात नाल्याचे पाणी उभे राहते. कागदोपत्री मात्र आमच्या वस्तीत घरोघर नळ आहे.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, २००१ साली बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. गल्लीत सात-आठ जणांना कावीळ झालेली होती, तिलाही झाली. आईने तिला काविळीची माळ घातली. ती माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली असे समजत. माळ उतरली. अक्का मात्र असंबद्ध बोलू लागली. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे लागले. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, मोठ्या गावाला न्या. नेता नेता दोन दिवस गेले. अक्का गेली, पोटातले मूलही गेले. तिच्या रक्ताची तपासणी कोणी केली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कावीळ एवढेच लिहिले आहे.

आज मला माहीत आहे की, पहिल्या प्रकारचा हा विषाणू शेवटच्या तिमाहीत गाठलेल्या गरोदर स्त्रियांपैकी दर पाचांत एकीपर्यंत बळी घेतो. यकृत झपाट्याने निकामी होते आणि त्याचे विष मेंदूत चढते. असंबद्ध बोलणे हे भूत नव्हते, ते निकामी होत असलेले यकृत होते. आईला हे मी अजून सांगू शकलेलो नाही.

मग यकृतरोपणाच्या रुग्णाला आपल्याकडे धोका नाही काय? आहे. फ्रान्समधल्यासारखा वर्षानुवर्षे रेंगाळणारा आजार मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचा. आपल्याकडील प्रकार रेंगाळल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. पण नव्या यकृतावर कोणताही आघात परवडणारा नसतो. रोपणाची वाट पाहत असलेल्या, यकृत आधीच कठीण झालेल्या रुग्णाला तर हा विषाणू थोड्या दिवसांत मृत्यूच्या दारात नेतो. म्हणून आमच्या सरांना डॉक्टरांनी बाहेरचे पाणी बंद केले, ते योग्यच होते. माझ्या आईचा तांब्या त्यांनी नाकारला, तेव्हा त्यांनी आमच्या नगरपालिकेचे पाणी नाकारले होते. त्या पाण्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण त्यांना होते. आम्हालाही होते; फक्त आम्हाला नाकारण्याची सोय नव्हती.

येथे विषमतेचा मुद्दा सरळ मांडला पाहिजे. यकृतरोपणाचा रुग्ण आपला शत्रू नाही. तो मरणाच्या दारातून परतलेला माणूस आहे, आणि त्याच्यासाठी रक्ताची पिशवी न् पिशवी तपासली जाते याचा मत्सर वाटण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे खासगी रुग्णालयात रोपणाला वीस-पंचवीस लाख रुपये लागतात. बहुतेक रोपणे जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन होतात. देशातील जिवंत अवयवदात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष. ज्यांच्या घरात एवढे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी यकृत निकामी होणे याचा अर्थ एकच असतो.

आणि काळाचा हिशेब पाहा. युरोपात २००८ साली धोका कळला आणि दहा-बारा वर्षांत अनेक देशांनी रक्ताची तपासणी लागू केली. दिल्लीची साथ १९५५ची. तिचे कारण तेव्हाच कळले होते. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी इचलकरंजीत तेच घडले. या रोगाची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली. साथ आवरण्यासाठी ती प्रथम दिली गेली ती २०२२ साली, दक्षिण सुदानमधील बेंटियूच्या विस्थापितांच्या छावणीत. रोग तोच, विषाणूचे कुळ तेच. पण तो कोणाच्या यकृतात शिरतो यावर ज्ञानाचा वेग ठरतो.

आपण काय करायचे? वस्तीत एका आठवड्यात कावीळचे तीन-चार रुग्ण दिसले की वाट पाहू नये. आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि रुग्णांच्या रक्ताची ए व ई या दोन्हींसाठी तपासणी मागावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ई विषाणूचाही समावेश आहे. त्याचा दाखला द्यावा. पाण्याचा नमुना जलकुंभावरचा घेऊन चालणार नाही, वस्तीतल्या शेवटच्या तोटीचा घ्यायला लावावा. गरोदर स्त्रीला कावीळ दिसली तर माळ, झाडपाला यांत एक दिवसही न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. साथ असेपर्यंत पाणी खळखळून उकळून प्यावे. सांडपाण्यात उतरणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी नियमित तपासणीची मागणी करावी. आणि कोणी डुकरे हटवा म्हणत आले, तर त्याला पुण्याची ती पाहणी दाखवावी व आधी वाहिनी दाखव म्हणावे.

१९२७ साली महाडला आपण पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मिळवायला गेलो. तो लढा संपला असे मानून आपण फार लवकर घरी आलो. पाण्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे.

हे सारे मी सरांना सांगितले. डुकरांविषयीचे त्यांनी ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे चूक जागी धरली होती मी." दिवाळीच्या सुटीत ते पुन्हा आले. मी आईला सांगून ठेवले होते, पाणी वीस मिनिटे उकळून गार करून ठेव. सरांनी बाटली काढली नाही, तांब्या घेतला. आई दारात उभी राहून पाहत होती. ते गेल्यावर तिने मला विचारले, "त्यांच्यासाठी उकळायला लावलंस, बरं केलंस. मग आपल्या लेकरांना रोज कसलं पाजतो आपण?"

तेव्हापासून आमच्या घरी पाणी उकळते. त्याने गॅसची टाकी आठ-दहा दिवस आधी संपते. मला पगार आहे, म्हणून जमते. शेजारच्या घरात जमत नाही. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर चुलीवर नाही, ते गटारातून गेलेल्या त्या वाहिनीपाशी आहे. येत्या महिन्यात वस्तीतल्या बायका नगरपालिकेवर जाणार आहेत. निवेदन मी लिहिले आहे. आई पुढे राहणार आहे, आणि सरांनी त्यावर सही केली आहे.